हाडांच्या गाठी, मेंदूतला डाग: ऑलियर आजारातलं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. या आजारात जे वारंवार घडतं, जिथे हमखास चुकतं आणि जिथे वेळेवर सावरता येतं, ते एकत्र करून ही रुग्ण अभ्यासासाठी रचली आहे. आकडे, औषधं आणि तपासण्या मात्र खऱ्या व्यवहारातल्या आहेत.

रुग्ण २७ वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी शिवणकाम करणारी. विवाहित, चार वर्षांची मुलगी. उजव्या हाताच्या तीन बोटांवर लहानपणापासून टणक, न दुखणाऱ्या गाठी आहेत. त्यातली एक वयाच्या नवव्या वर्षी खरवडून काढली होती. उजवी मांडी वाकडी वाढली म्हणून तेराव्या वर्षी हाड कापून सरळ केलं आणि स्टीलची पट्टी बसवली. उजवा पाय आजही साडेतीन सेंटिमीटर आखूड आहे, म्हणून त्या बुटाला उंच तळ लावलेला. जुन्या कागदावर निदान स्पष्ट आहे: अनेक एनकॉन्ड्रोमा, म्हणजे हाडाच्या आत राहून गेलेल्या कूर्चेच्या गाठी, ऑलियर आजार. ल्योंचे शल्यविशारद ओलिए यांच्यावरून हे नाव पडलं, आपल्याकडे दवाखान्यात सगळे ‘ऑलियर’च म्हणतात. हा आजार साधारण लाखात एकाला होतो. त्याच्या जोडीला त्वचेत रक्तवाहिन्यांच्या गाठी असल्या तर त्याला माफुची सिंड्रोम म्हणतात. त्याचं वर्णन इटलीच्या आंजेलो माफुची यांनी १८८१ मध्ये केलं.

पहिली तक्रार फिटची नव्हती. गिऱ्हाइकाचं माप घेताना टेप हातात धरलेली, आकडा डोळ्यांसमोर दिसतोय, पण ‘साडेचौदा’ हा शब्द तोंडातून बाहेर येईना. अर्धा मिनिट गेलं की पुन्हा सगळं ठीक. शुद्ध हरपत नव्हती, समोरच्याचं बोलणं कळत होतं. आठवड्यातून एकदा, मग दोनदा. घरच्यांनी हे थकव्यावर ढकललं. त्याच सुमारास उजव्या बुटाचा पुढचा भाग, अंगठ्याखालचा, लवकर झिजू लागला. चांभाराने दोन महिन्यांत दोनदा तुकडा लावून दिला. पाय आखूड, मग बूट झिजणारच, असा सगळ्यांचा समज. पण पाय तेरा वर्षांपासून तितकाच आखूड होता आणि इतकी वर्षं झीज टाचेच्या बाहेरच्या कडेला होती. झीज पुढे सरकली याचा अर्थ पाऊल आता नीट उचललं जात नव्हतं, घासत होतं.

हाडांचा जुना आजार असलेल्या माणसात मेंदूची लक्षणं अशीच झाकली जातात. बोटं आखडलेली असतात, त्यामुळे हातातली कमजोरी दिसत नाही. चाल आधीच लंगडी असते, त्यामुळे पाय ओढण्याकडे लक्ष जात नाही. अशा रुग्णाला ‘लंगडता का?’ असं विचारून काही कळत नाही. ‘मागच्या दिवाळीपेक्षा चालण्यात फरक पडलाय का?’ असं विचारावं, आणि जुना बूट हातात घेऊन पाहावा.

आठ महिन्यांनी रात्री झोपेत मोठी फिट आली. उजव्या पायापासून सुरुवात, मग सगळं अंग, दोन मिनिटं. जवळच्या रुग्णालयात इंजेक्शनशिवाय साधा सीटी स्कॅन झाला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात वरच्या अंगाला फिकट काळसर डाग. आपल्याकडे तरुण माणसाला पहिली फिट आली आणि स्कॅनमध्ये डाग दिसला की मनात पहिल्यांदा येतात ती फीतकृमीची गाठ आणि क्षयाची गाठ. ते चूक नाही, कारण दोन्ही इथे खरोखर मुबलक आहेत. म्हणून जंतांचं अल्बेंडाझोल, स्टिरॉइड आणि फिटचं फेनिटॉइन सुरू झालं. एमआरआय सुचवला गेला, पण केंद्रावर ‘पायात पट्टी आहे, मशीनमध्ये घेता येणार नाही’ असं सांगून परत पाठवलं. चार महिने तिथेच गेले.

हा नकार निराधार होता. हाडात बसवलेल्या पट्ट्या, स्क्रू आणि रॉड बहुतेक वेळा टायटॅनियमचे किंवा ३१६एल जातीच्या स्टीलचे असतात. हे स्टील चुंबकाला ओढलं जात नाही. घट्ट बसलेली जुनी पट्टी मेंदूच्या एमआरआयला आड येत नाही. चित्र बिघडतं ते फक्त मांडीपाशी. खरी अडचण बाहेरून लावलेल्या रिंगांची असते, त्या अंगावर असताना उत्पादकाची सूचना पाहिल्याशिवाय मशीनमध्ये जाऊ नये. शस्त्रक्रियेच्या कागदावर पट्टीचा धातू लिहिलेला असला तर केंद्रावर वाद होत नाही. कागद हरवला असेल तर मांडीचा एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञांचं दोन ओळींचं पत्र न्यावं.

एमआरआयमध्ये काय दिसलं

दुसऱ्या फिटनंतर ३ टेस्ला मशीनवर पूर्ण तपासणी झाली. डाव्या कपाळखंडाच्या वरच्या वळीत, मध्यरेषेलगत, ४.२ बाय ३.१ सेंटिमीटरचा डाग. टी२ या प्रकारच्या चित्रात तो एकसारखा पांढरा शुभ्र. फ्लेअर या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तोच डाग आतून काळवंडलेला, फक्त कडेला पांढरी किनार. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावर कुठेही चमक नाही. शिवाय मेंदूच्या देठात, पॉन्समध्ये, उजवीकडे ९ मिलिमीटरचा वेगळाच छोटा डाग, त्यालाही चमक नाही. दोघांना जोडणारा कुठलाही पट्टा नाही.

रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं: ‘हाडांच्या ज्ञात गाठी लक्षात घेता मेंदूत पसरलेला आजार नाकारता येत नाही.’ घरच्यांनी याचा अर्थ कर्करोग पसरला असा घेतला, आणि घरात रडारड झाली. ती टाळता आली असती.

पसरलेल्या आजाराची शंका तीन कारणांनी टिकत नाही. एनकॉन्ड्रोमा ही साधी गाठ आहे, ती पसरत नाही. तिचा कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग, झाला तरी तो आधी फुप्फुसात जातो, मेंदूत क्वचित. छातीचा सीटी स्वच्छ होता. आणि रक्तातून मेंदूत आलेली गाठ सहसा इंजेक्शनने चमकते, भोवती सूज धरते. इथे दोन्ही डाग न चमकणारे, पसरट, मेंदूच्या पेशींमध्ये मुरलेले. टी२मध्ये एकसारखा पांढरा आणि फ्लेअरमध्ये आतून काळा, या विसंगतीला टी२-फ्लेअर मिसमॅच म्हणतात. प्रौढात हे चिन्ह नीट जुळलं तर ते जवळजवळ नेहमी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं: मेंदूच्या आधारपेशींची, आयडीएच जनुकात बदल असलेली गाठ, अ‍ॅस्ट्रोसायटोमा. मात्र हे चिन्ह शोधायचं तर टी२ आणि फ्लेअर एकाच पातळीच्या कापांत शेजारी शेजारी ठेवावे लागतात. एक आडवं आणि एक उभं चित्र काढलं असेल तर ते सुटून जातं.

एकच बदल, दोन अवयव

ऑलियर आजारात हाडाच्या गाठी का होतात हे २०११ मध्ये उघड झालं. दोन संशोधक गटांनी एकाच वर्षी दाखवलं की बहुसंख्य रुग्णांच्या गाठींत आयडीएच१ किंवा क्वचित आयडीएच२ जनुकात बदल असतो. हा बदल आईवडिलांकडून येत नाही. गर्भ काही पेशींचा असताना एखाद्या पेशीत तो घडतो, आणि तिच्यापासून झालेल्या पेशी शरीरात जिथे जिथे जातात तिथे तो ठिपक्याठिपक्याने उरतो. बहुतेक ठिपके हाडांच्या वाढणाऱ्या टोकांशी येतात. काहींत एखादा ठिपका मेंदूतही असतो. बदललेलं विकर डी-२-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचं रसायन साठवत राहतं, त्याने पेशीची परिपक्व होण्याची वाट अडते. या रसायनाची ठेवण ग्लुटामेट या मेंदूला चेतवणाऱ्या संदेशवाहकाशी मिळतीजुळती आहे. अशा गाठींत फिट इतक्या सर्रास का येतात, याचं एक कारण हेच मानलं जातं.

यामुळे दोन सुटे डाग म्हणजे ‘पसरलं’ असं होत नाही. दोन ठिकाणी मूळ ठिपका होता, दोन्हीकडे वेगवेगळी गाठ उगवली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ३८ रुग्णांची तुलना हाडांचा आजार नसलेल्या, पण आयडीएच बदल असलेल्या ग्लायोमाच्या (मेंदूच्या आधारपेशींच्या गाठीच्या) १५९ रुग्णांशी केली होती. हाडांचा आजार असलेल्यांत निदानाचं वय सरासरी २५.६ वर्षं, इतरांत ४४. एकाहून अधिक सुटे डाग ३२ टक्क्यांत, इतरांत १ टक्का. मेंदूच्या देठात गाठ २१ टक्क्यांत, इतरांत पुन्हा १ टक्का. म्हणजे आपल्या रुग्णाचं वय, दोन डाग आणि त्यातला एक पॉन्समध्ये, ही या आजाराची ओळखीची चाल आहे. हे आकडे रिपोर्ट लिहिणाऱ्याला माहीत असते, तर शेवटची ओळ वेगळी झाली असती. त्यासाठी एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘फिट’ एवढंच न लिहिता ‘फिट, ऑलियर आजार’ असं लिहिलेलं हवं होतं.

शस्त्रक्रिया

तुकडा कुठून घ्यायचा हा प्रश्न सोपा होता. पॉन्समध्ये सुई घालणं जोखमीचं, आणि तिथून मिळणारं उत्तर कपाळखंडातूनही मिळणार. शिवाय कपाळखंडातली गाठ नुसती टोचून थांबण्यासारखी नव्हती, कारण अशा गाठीत जितकी सुरक्षितपणे निघेल तितकी काढणं रुग्णाच्या फायद्याचं असतं.

जागा होती पूरक हालचाल क्षेत्राची, डाव्या बाजूची. बोलण्याची आणि उजव्या पायाच्या हालचालीची सुरुवात इथून होते. आकडा तोंडात अडकणं आणि बुटाचं टोक झिजणं, दोन्ही एकाच जागेची लक्षणं होती. म्हणून रुग्ण जागी ठेवून, बोलतं ठेवून शस्त्रक्रिया केली. तिला मराठीतच चित्रं दाखवून नावं विचारली, आकडे मोजायला लावले, शिवणकामातले शब्द म्हणून घेतले. ज्या भाषेत माणूस दिवसभर जगतो त्याच भाषेत चाचणी व्हायला हवी. इंग्रजी चित्रसंच घेऊन बसलं तर शब्द न सुचणं हे भाषेमुळे की मेंदूमुळे, ते कळत नाही.

भूलतज्ज्ञांना या आजारातल्या काही गोष्टी आधी सांगाव्या लागतात. हाताची हाडं वाकडी असतील तर मनगटाच्या धमनीत नळी घालणं अवघड जातं, दुसरा हात किंवा पाय आधीच पाहून ठेवावा. मांडी आणि गुडघा टेबलावर ताणून बांधू नये, गाठीने पोखरलेलं हाड मोडू शकतं. खाली मऊ गादी हवी. माफुची असेल तर रक्तवाहिन्यांच्या गाठी असलेल्या हातापायात सुई टोचू नये. डोकं धरणाऱ्या तीन खिळ्यांची भीती बाळगायचं मात्र कारण नाही. कवटीचं वरचं छत कूर्चेतून बनतच नाही, त्यामुळे तिथे एनकॉन्ड्रोमा होत नाही.

साधारण ८५ टक्के गाठ निघाली. दुसऱ्या दिवशी ती बोलेना, उजवा हातपाय हलेना. घरच्यांना वाटलं अर्धांगवायू झाला. पूरक हालचाल क्षेत्राच्या शस्त्रक्रियेनंतर हे अनेकदा होतं आणि ते बहुतेक वेळा काही दिवस ते काही आठवड्यांत ओसरतं. स्नायूंचा ताण टिकून असतो, आणि सवयीची हालचाल, उदाहरणार्थ खाजवणं, आपोआप होते. ही शक्यता शस्त्रक्रियेआधी नवऱ्याला आणि सासूबाईंना बसवून, वेळ देऊन सांगायला हवी होती. संमतिपत्राच्या गर्दीत ती एका ओळीत उरकली गेली. तिसऱ्या आठवड्यात तिने मुलीला नावाने हाक मारली. सहाव्या आठवड्यात ती भिंतीच्या आधाराने चालू लागली.

पॅथॉलॉजीतला खड्डा

पहिला अहवाल आला: दुसऱ्या श्रेणीचा दिसणारा अ‍ॅस्ट्रोसायटोमा, एटीआरएक्स प्रथिन हरवलेलं, पी५३ ठळक, आयडीएच१ आर१३२एच रंगचाचणी नकारात्मक. शेवटच्या शब्दावर बरेच जण फसतात. ‘आयडीएच नकारात्मक’ असं कुणी पुढच्या कागदावर उतरवलं की गाठ वेगळ्याच, कितीतरी घातक गटात जाते आणि उपचार त्या वाटेने निघतात.

ही रंगचाचणी आर१३२एच हा एकच बदल ओळखते. सर्वसाधारण रुग्णांत आयडीएच बदलांपैकी सुमारे ९० टक्के हाच असतो, म्हणून ती उपयोगी आहे. पण कूर्चेच्या गाठींत सगळ्यात जास्त आढळतो तो आर१३२सी, आणि तो या रंगाला दाद देत नाही. ५५ वर्षांखालच्या रुग्णात ही चाचणी नकारात्मक आली तर जनुकक्रम वाचल्याशिवाय थांबू नये. ऑलियर असेल आणि एटीआरएक्सही गेलेलं असेल, तर मुळीच नाही. इथे क्रम वाचल्यावर आर१३२सी सापडला. सीडीकेएन२ए/बी हे जनुक शाबूत होतं. ते दोन्ही प्रतींतून गेलेलं असतं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कितीही सौम्य दिसली तरी चौथी, म्हणजे सगळ्यात घातक श्रेणी धरावी लागली असती. १पी/१९क्यू सहलोप, म्हणजे गुणसूत्रांचे हे दोन भाग एकत्र गमावणं, नव्हता. वरच्या अभ्यासात तपासलेल्या सहाही गाठींत तो नव्हता, तेव्हा अशा रुग्णात ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा (हा सहलोप असणारी गाठ) असा अहवाल आला तर चाचणी पुन्हा पाहावी.

बोटातल्या जुन्या गाठीतही तोच बदल आहे का, हे पाहण्यासाठी नवव्या वर्षी काढलेल्या गाठीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा मागवला. डीएनए वाचता आला नाही. हाडाचा नमुना मऊ करण्यासाठी तीव्र आम्लात ठेवला की त्यातला डीएनए तुटतो. अशा नमुन्यासाठी ईडीटीए वापरावं, वेळ जास्त लागतो पण डीएनए वाचतो. खरवडून काढलेल्या कूर्चेचे मऊ तुकडे तर आम्लाविनाच वेगळ्या डबीत ठेवता येतात. ऑलियरच्या मुलाची हाडाची शस्त्रक्रिया करणाऱ्याने ही एक डबी जास्तीची भरून ठेवावी. रक्ताची जनुकचाचणी करून पैसे घालवू नयेत. बदल फक्त ठिपक्यांत असल्याने रक्तात तो सहसा सापडत नाही, आणि नकारात्मक उत्तराने कुणाची तरी खोटी समजूत होते.

पुढचा निर्णय

शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत एमआरआय झाला, उरलेल्या गाठीचं मोजमाप नोंदवलं. नंतर तीन महिन्यांनी, मग दर चार ते सहा महिन्यांनी. शेजारच्या दोन चित्रांत फरक दिसत नाही म्हणून ‘स्थिर’ लिहिणं ही नेहमीची चूक. या गाठी वर्षाला काही मिलिमीटर वाढतात, म्हणून ताजं चित्र पहिल्या चित्राशी ताडून पाहावं. चौदाव्या महिन्यात कडेची वाढ स्पष्ट झाली. पॉन्सचा डाग तेवढाच.

रेडिएशन हा जुना, सिद्ध मार्ग. साधारण ५०.४ ते ५४ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), २८ ते ३० भागांत, पाठोपाठ केमोथेरपी. पण हिच्या बाबतीत दोन दूरचे डाग, पॉन्समधला निदान न केलेला, आणि पुढे आयुष्यात आणखी ठिकाणी गाठ उगवण्याची शक्यता. तरुण मेंदूचा मोठा भाग आत्ताच किरणांखाली घ्यायचा की ते शस्त्र राखून ठेवायचं? राखून ठेवावं, असं मत पडलं.

आयडीएच१ आणि २ दोन्ही अडवणारं व्होरासिडेनिब हे औषध इथे विचारात आलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३१ रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेशिवाय दुसरा उपचार न झालेल्या दुसऱ्या श्रेणीच्या गाठींत, आजार न वाढण्याचा मध्यक काळ औषधाने २७.७ महिने होता, औषध नसलेल्या दिखाऊ गोळीने ११.१. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये १२ वर्षांवरील रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. प्रौढाला रोज ४० मिलिग्रॅम. मुख्य त्रास यकृताचा: पहिले दोन महिने दर पंधरवड्याला आणि पुढे दोन वर्षं दर महिन्याला यकृताच्या तपासण्या. फेनिटॉइन आणि धूम्रपान औषधाची रक्तातली पातळी उतरवतात, सिप्रोफ्लॉक्सॅसिन चढवतं. जुलाबासाठी गावात सहज हातात पडणारी गोळी तीच असते, म्हणून तिचं नाव मोठ्या अक्षरांत फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिलं. फिटसाठी आधीच फेनिटॉइन उतरवत नेऊन लेव्हेटिरासिटॅम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा केलं होतं. त्याने काहींची चिडचिड वाढते. ती गाठीमुळे नाही, गोळीमुळे असू शकते, हे नवऱ्याला सांगितलेलं बरं. व्होरासिडेनिब चालू असताना आणि नंतर तीन महिने गर्भ राहू नये, आणि पोटात घ्यायच्या संप्रेरकाच्या गोळ्यांवर विसंबू नये, कॉपर टी बरी.

दुसऱ्या मुलाचा विषय निघाला तेव्हा तिने स्वतःच विचारलं: ‘हे माझ्या मुलीला होईल का?’ नाही. हा बदल पिढीतून उतरत नाही, मुलीच्या तपासण्यांची गरज नाही. स्वतःच्या गरोदरपणाची गोष्ट निराळी. त्या काळात अशा गाठीची वाढ वेग घेऊ शकते, म्हणून तो निर्णय मेंदूचे आणि प्रसूतीचे डॉक्टर एकत्र बसवूनच घ्यावा.

दुसऱ्या दारावरची नजर

या आजारात कवटीच्या तळाशीही गाठ होऊ शकते. कवटीचं छत कूर्चेतून बनत नाही, तळ बनतो. म्हणून तळाच्या हाडांच्या सांध्यापाशी, मध्यरेषेच्या जरा बाजूला कॉन्ड्रोसार्कोमा उगवतो. तिथून डोळा बाहेर वळवणारी सहावी नस जाते. लक्षण म्हणजे दूरचं पाहताना एकाच्या जागी शेजारी शेजारी दोन दिसणं. चष्म्याचा नंबर बदलून हे जात नाही. सीटीत कंसासारखे, कड्यांसारखे कॅल्शियमचे तुकडे, टी२मध्ये झगझगीत पांढरं. तिचं जुळं भावंड म्हणावी अशी दुसरी गाठ, कॉर्डोमा, मध्यरेषेवर असते आणि तिची ब्रॅक्युरी या प्रथिनाची चाचणी सकारात्मक येते, कॉन्ड्रोसार्कोमाची येत नाही. उपचारात नाकावाटे दुर्बिणीने शस्त्रक्रिया आणि उरलेल्यावर सहसा प्रोटॉन किरणं. त्यासाठी आता परदेशी जावं लागत नाही. चेन्नईत २०१९ पासून आणि खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३ पासून सोय आहे. म्हणून या रुग्णाच्या प्रत्येक मेंदूच्या एमआरआयमध्ये कवटीच्या तळाचे बारीक काप जोडून घेतात.

हाडांकडेही पाठ फिरवता येत नाही. १६१ रुग्णांच्या २०११ मधल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे ४० टक्क्यांना पुढे कॉन्ड्रोसार्कोमा झाला होता. ज्यांच्या गाठी फक्त हातापायांच्या पंज्यांत होत्या त्यांच्यात १५ टक्के. हे मोठ्या केंद्रांत पोचलेले रुग्ण, तेव्हा आकडा जरा जास्तच आला असणार, पण मांडीत गाठ असणाऱ्याने तो मनात ठेवावा. या रुग्णाला सांगितलं आहे: उजव्या मांडीत रात्री झोपेतून उठवणारी कळ आली, किंवा वाढ थांबल्यावरही एखादी गाठ मोठी होतेय असं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यायचं. सहा महिन्यांनी ती आली तेव्हा उजव्या बुटाची झीज पुन्हा टाचेच्या बाहेरच्या कडेला गेली होती.